शेळीमार्फत आलेली मागणी

अन्याय झाला तो माझ्या धाकट्या भावाच्या बायकोवर, म्हणजे आमच्या धाकटीवर. साल त्र्याहत्तर. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आदल्या आठवड्यातला, जवळा बाजारच्या बाजाराचा दिवस, भर दुपारची जेवणाची सुट्टी, ठिकाण सडकेचं दुष्काळी काम. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं, तर आजूबाजूची गावं ‘आमच्याकडं असलं काही नव्हतं बुवा’ म्हणून मोकळी होतील, आणि मला त्यांना मोकळं सोडायचं नाही.

कामावर तीन दगडांवर एक रांजण ठेवलेला होता. पाणी पाजायला मुकादमानं त्याच्या भावकीतला माणूस बसवला होता. हातात लांब दांड्याचं वगराळं. बाकीच्यांना तो तांब्या भरून द्यायचा. आमच्या वस्तीतल्या बायांना ओंजळ धरायला लावायचा आणि वरून ओतायचा, तेही सगळ्यांचं झाल्यावर. त्या दिवशी धाकटीनं दुसऱ्यांदा ओंजळ पुढं केली. तिची बोटं वगराळ्याला लागली. निदान तो तसं म्हणाला. आणि म्हणून त्यानं अर्धा भरलेला रांजण सगळ्यांदेखत लवंडून दिला. पाणी खडीत जिरलं. पाण्याच्या टिपाडाची बैलगाडी यायला संध्याकाळ होणार होती. तहानलेल्या माणसांनी शिव्या कुणाला दिल्या? त्याला नाही. हिला. मुकादमानं तिला सांगितलं, उद्यापासून येऊ नको. तिचं काम गेलं म्हणजे आमच्या घरातली निम्मी चूल गेली.

गोष्ट एवढीच आहे. ती लिहायला मला एवढा वेळ लागायचं कारण नव्हतं. पण मी पत्रकं लिहिणारा माणूस होतो.

औरंगाबादला मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकलो आणि पत्रक लिहायला मात्र पूर्ण शिकलो. पहिल्या वाक्यात ‘हजारो वर्षे’ यायला पाहिजे. दुसऱ्यात ‘आता मात्र’. शेवटी ‘धिक्कार असो’. मधल्या जागेत प्रसंग बघून काय ते भरायचं. वसतिगृहाच्या मेसमधल्या आमटीवर काढलेल्या पत्रकातसुद्धा मी ‘हजारो वर्षे’ घातलं होतं. आमटीची चव बघता ते फारसं खोटंही नव्हतं.

माझी आणखी एक खोड म्हणजे मला मनातल्या मनात विचार करता येत नाही. तोंड चाललं तर डोकं चालतं. आणि तोंड चालायला समोर कुणीतरी लागतं. वसतिगृहात खोलीतला सोबती होता. तो झोपला की मला सुचायला लागायचं. तो कुशीवर वळला की मी परिच्छेद बदलायचो. माझी बरीच जळजळीत वाक्यं एका घोरणाऱ्या माणसासमोर तयार झालेली आहेत.

दुष्काळात वसतिगृह सोडून गावी आलो आणि श्रोत्याचे वांधे झाले. भाऊ सेनगावकडं खदानीवर. माय ऐकायची नाही, मध्येच बोलायची. ‘हजारो वर्षे’ म्हणालो की ‘तू कुठं बघाया गेल्तास?’ म्हणायची. शेजारचे ऐकायचे, पण बिडी विझेपर्यंतच. उरली धाकटी. आणि तिच्याइतका उत्तम श्रोता मला औरंगाबादेतही भेटला नव्हता. कारण तिला माझ्यापुढं बोलायची परवानगीच नव्हती.

आमच्याकडं रीत अशी की धाकट्या भावाच्या बायकोनं नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, म्हणजे भासऱ्यासमोर, तोंड उघडायचं नाही. डोईवरचा पदर नाकापर्यंत. काही सांगायची वेळ आलीच, तर तिसऱ्याला सांगायचं आणि भासऱ्यानं ते ऐकून घ्यायचं. घरात तिसरं कुणी नसलं, तर दाराशी शेळी बांधलेली असायची.

“शेळे, भाकर वाढली म्हणावं.”

मी शेळीकडं बघून “बरं” म्हणायचो.

“शेळे, सरपण संपलं म्हणावं.”

“आणतो.”

शेळी एकदा तिच्याकडं बघायची, एकदा माझ्याकडं, आणि रवंथ करायची. आमच्या घरातला सगळा कारभार तिच्या मध्यस्थीनं बिनबोभाट चालला होता. आम्ही धर्म बदलला होता, भिंतीवरच्या तसबिरी बदलल्या होत्या. भासरा तेवढा जुनाच राहिला होता.

मला या रीतीचा राग यायचा का? खोटं कशाला बोलू, मला ती फार सोयीची पडली. कामावरून काढल्यामुळं धाकटी आता दिवसभर घरीच असायची. म्हणजे तिच्यावर झालेल्या अन्यायानं माझी श्रोत्याची अडचण सोडवली होती. अन्यायाचा इतका फायदा करून घेणारा मुकादमानंतर मीच.

रोज सकाळी ती भाकरी थापायला बसली की मी उंबऱ्याच्या आत बसायचो आणि पत्रकाचा मसुदा मोठ्यानं बोलायचो. तिचा चेहरा दिसायचा नाही, पण मला तो बघायची गरजच नव्हती. भाकरीची थाप होती ना. मी ‘पिढ्यान् पिढ्यांचा अंधार’ म्हणालो आणि थाप हळू झाली की मला वाटायचं, हिला गहिवरून आलं. ‘पेटून उठा’ म्हणालो आणि थाप जलद झाली की वाटायचं, पेटली. एकदा तर ‘स्त्रियांनो, मुक्या राहू नका’ असं एक पान मी तिच्यासमोर पुरं वाचलं. ती शेवटपर्यंत मुकी राहिली. मला वाटलं, पटलं.

खरं कारण मायनं नंतर सांगितलं. त्या साली रेशनवर मिलो नावाची परदेशी लाल ज्वारी यायची. तिच्या पिठाला चिकटपणा नाही. जोरात थापली की भाकरी काठाला चिरते, मग हात हळू करावा लागतो. माझ्या गद्याचा चढउतार सगळा पिठावर अवलंबून होता.

चौथ्या दिवशी मी चांगलाच रंगात आलो होतो. चुलीपुढं ती, उंबऱ्याच्या आत मी, उंबऱ्याबाहेर शेळी. हजारो वर्षे झाली, आता मात्र झालं, रक्ताचा थेंब न् थेंब झाला. मी हात वर केला.

“आणि म्हणून आमची मागणी आहे की...”

हात वरच राहिला. पुढं काही येईना.

मी मागं गेलो. नाल्यावरून उडी मारायला माणूस चार पावलं मागं जातो तसा पुन्हा ‘हजारो वर्षे’पासून पळत आलो. “आणि म्हणून आमची मागणी आहे की...” पुन्हा काठावर थांबलो. एवढी पत्रकं काढली, पण त्यांत कधी काही मागितलंच नव्हतं, हे मला तिथं बसल्या बसल्या कळलं. मी आतापर्यंत फक्त धिक्कार करत आलो होतो. धिक्काराला एक बरं असतं, तो समोरच्यानं द्यावा लागत नाही.

“पाणीवाल्याला कडक शासन झालंच पाहिजे!” मी म्हणालो.

थाप तशीच चालू. मग मलाच बोलावं लागलं. झालं शासन. त्याच्या जागी मुकादमाचा दुसरा चुलतभाऊ बसेल. वगराळं तेच, ओंजळ तीच.

“आमच्या भगिनींसाठी स्वतंत्र रांजण ठेवलाच पाहिजे!”

हे वाक्य मी चांगलं दणक्यात टाकलं. थाप थांबली नाही, जलद झाली नाही, हळूही झाली नाही. त्या एकसारख्या थापेत ते वाक्य भिंतीवर आपटून माझ्याकडं परत आलं आणि मी ते पहिल्यांदा कानानं ऐकलं. स्वतंत्र रांजण! ही मागणी घेऊन गेलो असतो, तर मुकादमानं मला हार घातला असता. गावानं वर्गणी काढून रांजण आणला असता, वर माझ्याच हस्ते भरला असता. आतापर्यंत त्यांना वेगळेपणासाठी रोज वगराळं उंच धरावं लागत होतं. मी त्यांची तेवढीही तकलीफ वाचवत होतो.

समोर कुणी ‘वा’ म्हणणारं असतं, तर मी ते तसंच छापून आलो असतो. ती गप्प होती, म्हणून वाचलो.

आणि एकदा कान उघडले म्हटल्यावर बाकीचंही ऐकू यायला लागलं. पहिल्या दिवशी माझ्या मसुद्यात ‘माझ्या धाकट्या भावाची बायको’ होती. मग ती ‘आमची एक भगिनी’ झाली. मग ‘असंख्य भगिनी’. आणि आता ‘शोषित समाज’. शोषित समाज माझ्यापासून दोन हातांवर पिठाचे हात घेऊन बसला होता, आणि त्याला काय पाहिजे, हे मी अजून एकदाही विचारलं नव्हतं.

म्हणून मी विचारलं. सरळ तिच्याकडं बघून. “तुला काय पाहिजे?”

तिचे हात परातीतच थांबले. पदर नाकावरून हनुवटीपर्यंत आला.

“बोल! घाबरू नको! रूढीची बेडी तोड!”

बेडी तोडायचा हुकूम मी असा सोडला की फौजदार परवडला. ती उठली, परात तशीच टाकून परसात निघून गेली. तव्यावरची भाकरी करपायला लागली. ती उलटवावी हे मला सुचलं नाही. मी दुसरा मुद्दा शोधत होतो. तेवढ्यात माय सरपणाचा भारा घेऊन दारात आली.

“काहून रे, पोरगी परसात रडून राहिली ती? काय बोललास?”

“मी कुठं बोललो? तिला बोल म्हणून राहिलो.”

“कोणासंगं?”

“माझ्यासंगं.”

मायनं भारा खाली टाकला आणि मला ताप आलाय का, असं बघितलं. “तुला त्या मुकादमासंगं दोन शब्द बोलता येईनात, अन् तिनं भासऱ्यासंगं बोलावं व्हय? लई शिकलास. ऊठ चुलीपुढून. बाप्या माणसानं तव्यापुढं भाषण केलेलं म्या जल्मात पाह्यलं न्हाई.”

“अगं, तिला काय पाहिजे ते विचारत होतो.”

“मंग तिकडं शेळीकडं तोंड कर अन् इचार.”

रूढी तोडणं मला माहीत होतं, म्हणजे कागदावर. रूढीच्या कडेनं जायला जागा असते, हे माहीत नव्हतं. मी बाहेर गेलो, दाराकडं पाठ करून बसलो. समोर शेळी. आयुष्यात मी सभा घेतल्या, मोर्च्यापुढं बोललो, पण कुणापुढं इतका अवघडलो नव्हतो.

“शेळे,” मी म्हणालो, “पत्रकात काय मागायचं, सांग म्हणावं.”

आत मायनं पोरीला परसातून बोलावल्याचा आणि करपलेली भाकरी काढून टाकल्याचा आवाज आला. मी आता काही बोलणार नाही असं ठरवलं, आणि माझ्या स्वभावाप्रमाणं लगेच बोलणार होतो, पण शेळीनं मान हलवली म्हणून थांबलो. मग आतून आवाज आला. बारीक होता, पण कापत नव्हता.

“शेळे, पत्रकात माझं नाव नको म्हणावं.”

“बरं.”

“अन् मला कामावर घ्या म्हणावं.”

“बरं.” हे मसुद्यात कुठंच नव्हतं. शोषित समाजाला कामावर घ्या, असं कोण लिहितं?

“अन् खडी फोडायला न्हाई. रांजणावर उभी करा म्हणावं. वगराळं माझ्या हातात द्या. मी पाजते समद्यायला.”

माझी पाठ दाराकडं होती हे बरं झालं. माझं तोंड तिला दिसलं नाही. कारण पेटून उठा, पेटून उठा म्हणून मीच रोज ओरडत होतो, आणि खरोखर कुणी पेटल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो पाण्याच्या बादलीचा.

“शेळे,” मी घसा साफ केला, “ते जरा... म्हणजे मागणी बराबरच आहे, पण लोक एकदम... आधी कामावर घ्या म्हणू. बाकीचं टप्प्याटप्प्यानं.”

टप्प्याटप्प्यानं! ज्या शब्दाविरुद्ध मी औरंगाबादला पुढाऱ्यांच्या सभेत खुर्च्या वाजवल्या, तो माझ्याच तोंडातून एका शेळीसमोर बाहेर पडला.

“शेळे,” आतून आवाज आला, “त्यायला भ्या वाटून राह्यलं का, इचार.”

माय खो खो हसली. ‘हजारो वर्षे’वर ती कधी हसली नव्हती.

“वाटतंय,” मी म्हणालो. शेळीला.

दुसऱ्या दिवशी हिंगोलीला गेलो. छापखानेवाल्यानं मजकूर हातात घेतला. मोजून दोन वाक्यं होती. सडकेच्या कामावरून काढलेल्या आमच्या वस्तीतल्या बाईला परत कामावर घ्या. तिला रांजणावर पाणी पाजायच्या कामाला लावा. त्यानं कागद उलटून मागं काही आहे का बघितलं.

“भाई, ये तो नौकरी की अर्जी हुई. पर्चा किधर है?”

मला अपमान वाटला. शेवटी न राहवून मी खाली ‘धिक्कार असो!!!’ टाकायला लावलं. कुणाचा, ते लिहायचं राहून गेलं.

पत्रक आम्ही बाजारात वाटलं आणि सडकेच्या कामावर बांधकाम खात्याच्या साहेबाची जीप आली तेव्हा साहेबाच्या हातात दिलं. साहेबानं वाचलं. मुकादम म्हणाला, “साहेब, तिच्या हातचं कोण पेणार?” साहेबानं माझ्याकडं बघितलं. त्याला न्याय वगैरे काही करायचा नव्हता, मला गप्प करायचं होतं. “उभी करा तिला,” तो म्हणाला. “कुणी पीत नाही हे दिसलं की हाच पोरगा दुसरं पत्रक काढील, माफीचं.” आणि जीप निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी रांजणाशी उभी राहिली. पदर डोईवर, पण नाकावर नाही. डोळे दिसतील इतका मागं. आदल्या रात्रीच बातमी फिरली होती, त्यामुळं लोक घरून मडकी घेऊन आले होते. रांजणाकडं कुणी फिरकेना. मी उरलेली पत्रकं घेऊन बाभळीखाली इतिहास घडायची वाट बघत उभा. इतिहास ऊन चढेपर्यंत खडी फोडत राहिला. धाकटी वगराळं धरून उभी ती उभीच. तिला त्या दिवशी तिथून हाकलली असती, तर ती पुन्हा कधी उंबरा ओलांडून कामाला आली नसती, हे मला तिच्या उभं राहण्यावरून कळत होतं. आणि मी काही करू शकत नव्हतो. काही बोलू तर मुळीच शकत नव्हतो.

दुपारी लोकांची मडकी संपली. पहिल्यांदा लमाणांच्या तांड्यावरची एक म्हातारी उठली. कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या भरलेले हात तिनं पुढं केले, पाणी प्याली, तोंडावर मारलं आणि परत खडी फोडायला गेली. जणू काही झालंच नव्हतं. मग आमच्या वस्तीतल्या बाया. मग एकेक करून आणखी काही. सगळे नाही. काहीजण उन्हात लांबच्या विहिरीवर चालत गेले, आणि काम संपेपर्यंत रोज जात राहिले. रांजण लवंडणारा पाणीवाला त्यातलाच. पण रांजण संध्याकाळपर्यंत रिकामा झाला, आणि तो पिऊन रिकामा झाला.

मधल्या वेळात मलाही तहान लागली होती. दिवसभर काही न बोलता माझी इतकी तहान कधी वाढली नव्हती. मी रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आली. समोर ती, मध्ये वगराळं. मी ओंजळ धरली, पण माझं लक्ष, लोक बघतायत की नाही, इकडं. निम्मं पाणी कोपरावरून सदऱ्यात.

“हात नीट धरा की,” ती म्हणाली. “पाणी सांडून राह्यलं.”

सरळ मला. सगळ्यांदेखत. तिथं शेळी नव्हती.

माझ्याकडं प्रत्येक प्रसंगाला एक वाक्य तयार असायचं. मी “व्हय” म्हणालो आणि हात नीट धरले.

संध्याकाळी घरी आलो तो छाती फुगवून. मला वाटलं, आता आमच्या घरात नवं युग. हातपाय धुऊन बसलो. आतून आवाज आला, “शेळे, भाकर वाढली म्हणावं.”

मी जेवलो. मग राहवेना. “शेळे,” म्हणालो, “मग दुपारचं काय ते?”

“शेळे, तवा मी कामावर होते म्हणावं.”

पुढं पाऊस पडला, सडक झाली, मुकादम दुसऱ्या कामावर गेला. रांजण गावात आला. आता दर उन्हाळ्यात एस.टी.च्या थांब्यावर लिंबाखाली तो मांडतात, पाणपोई म्हणून. त्याच्यापाशी कोणता पाणीवाला बसतो सांगायला नको. तोच. वगराळं तेच. आमच्या वस्तीतलं माणूस आलं की ओंजळ. दरवर्षी मी गावाच्या बैठकीत उठतो आणि म्हणतो, सडकेवर जिनं सगळ्यांना पाणी पाजलं तिला इथं बसवा. दरवर्षी उत्तर येतं, बघू. टप्प्याटप्प्यानं. ती घरी विचारते, “काय झालं म्हणावं?” जुनी शेळी गेली, आता तिची पाट, म्हणजे तिचीच तरणी लेक, मध्यस्थी करते. मी पाटीला खरं सांगतो.

तर आता तुम्ही. या वेळी खाली धिक्कार घालणार नाही, सरळ मागतो. तुमच्याही गावात उन्हाळ्यात पाणपोई बसते. या उन्हाळ्यात तिच्यावर तुमच्या गावातल्या आमच्या लोकांच्या वस्तीतली बाई उभी करा, वगराळं तिच्या हातात द्या आणि रांगेत पहिले तुम्ही उभे राहा. जमणार नसेल, तर कारण मनात ठेवू नका. घरातल्या कुणाला तरी समोर बसवा, एक शब्द बोलू नको म्हणा, आणि ते कारण त्याला मोठ्यानं सांगा. स्वतःच्या कानानं ऐका. मग या, आणि ओंजळ धरा.

नीट धरा.